कन्व्हर्टिबलच्या कापडी टपाची खडखड कशी घालवायची?

तुम्ही लिहिलंय की टप, म्हणजे गाडीचं घडी होणारं कापडी छप्पर, लावलेला असताना खराब रस्त्यावर डोक्यावर खडखड होते, चांगल्या रस्त्यावर काहीच नाही, आणि लॅच (टप पुढे विंडशील्डच्या फ्रेमला पकडून ठेवणारी हुकाची कडी) आवळूनही फरक पडला नाही. माझ्याकडे जुनी टू-सीटर आहे, हाताने उघडायच्या टपाची, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

आधी पाना खाली ठेवा. टप उघडा आणि त्याच रस्त्यावरून १५-२० च्या स्पीडने जा, त्याहून जास्त नको कारण वाऱ्यात काही ऐकूच येत नाही. तरीही आवाज आला तर टपाचा दोष नाही. मी हे न करता दोन रविवार लॅचशी झटापट केली, एवढा आवळला की बंद करायला दोन हात लागायला लागले, आणि शेवटी शेजारी बसलेल्या मित्राने सहज सनवायझर हाताने धरला तर आवाज गायब! त्याची क्लिप लॅचच्या अगदी बाजूला असते, ती सैल होती. आत फेल्टचा एक तुकडा सरकवला, झालं.

टपाचाच आवाज असेल तर नीट ऐका. खडखड असेल तर बहुतेक वेळा टपाच्या सांगाड्याची पुढची कमान जिथे विंडशील्डच्या फ्रेमवर बसते तिथेच घोळ असतो. त्या कमानीला बऱ्याच गाड्यांत दोन पिना असतात आणि फ्रेममध्ये त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या वाट्या, त्या झिजल्या की पिन आत नाचते, मग लॅच कितीही आवळा. पिनेभोवती वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप एकच वेढा लावून बघा, तुमच्या केसमध्ये मला हाच संशय जास्त आहे. लॅचचं म्हणाल तर हुकाला आटे असतात, दोन्ही बाजूंना सारखाच, एका वेळी अर्धा फेरा फिरवायचा. कागदाची पट्टी कमान आणि फ्रेमच्या मधल्या रबराखाली ठेवून टप लावा आणि ओढा, अडकत अडकत आली तर दाब ठीक, सुळकन निघाली तर तिथे सैल आहे, असं डावीकडून उजवीकडे तपासत जा. जास्त आवळलं तर कमान वाकते, शिवणी ताणतात. मोटरवाला टप असेल तर लॅच स्वतः फिरवू नका, सेन्सरचं गणित बिघडतं.

कुरकुर म्हणजे रबर. सुकलेलं रबर काचेला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, त्याचाच तो आवाज. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. हाताशी आहे म्हणून साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, ही रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि ती पेट्रोलियम तेलाने फुगतात. मग दार लावताना काच अडकते तो ताप वेगळाच.

दाराच्या काचेवरही शंका घ्या. या गाड्यांत काचेला वरून फ्रेम नसते, ती थेट टपाच्या रबरात जाऊन बसते, त्यामुळे काच इंचभर खाली करून चालवा, आवाज बदलला तर दार उघडून आतली काचेची सेटिंग बघावी लागेल.

एवढं करून टकटक राहिलीच तर कुणाला तरी चालवायला बसवा आणि तुम्ही शेजारच्या सीटवरून एकेक कमान तळहाताने वर दाबत जा, जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तो सांधा. सांध्यातला बुश, म्हणजे आतली छोटी नळी, झिजलेला असेल तर बदलायचा. बोटं मात्र सांभाळा, घडीचे सांधे कात्रीसारखे मिटतात.

आणि टायरमधली हवा बघा, हसू नका, माझ्या गाडीत जास्त भरलेली होती ती कमी केल्यावर निम्मी कटकट गेली. वर पत्र्याचं छप्पर नसल्यामुळे खड्ड्यात बॉडी थोडी पिळवटतेच, तेवढा आवाज कुणीच काढू शकत नाही. माझ्याकडे अजूनही थंडीत सकाळी उजव्या कोपऱ्यात टिकटिक असते, कापड आणि रबर ताठरलेलं असतं म्हणून, गाडी आतून तापली की बंद. तिला मी हात लावत नाही.