लायब्ररीतून पुस्तक हटवायला वरून ऑर्डर येते का?

ऑर्डर-बिर्डर काही येत नाही हो, निदान आमच्याकडे तरी कधी आली नाही. मी बडोद्यातल्या एका जुन्या मराठी लायब्ररीच्या कमिटीवर सहा वर्षं होतो (नाव सांगत नाही, माणसं अजून तीच आहेत). एका संध्याकाळी एक गृहस्थ आले, मेंबर नाहीत, मोबाइलमध्ये कुठल्यातरी ग्रुपवर आलेला एका पानाचा फोटो, म्हणाले हे पुस्तक उद्यापर्यंत काढा नाहीतर पोरं येतील. वाचलंय का विचारलं तर म्हणे वाचायचं कशाला.

आमचे सेक्रेटरी काका तसे घाबरट नाहीत, पण ग्रँट अडकलेली, काचा गेल्या तर पैसे कोण देणार, मग रजिस्टरमध्ये लिहिलं 'बाइंडिंगला' आणि पुस्तक गेलं कपाटात. बाइंडिंग एकदम ठणठणीत. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर आठ वर्षांत तीन शिक्के, म्हणजे तीनदाच कोणी वाचायला नेलेलं! बंदी असा शब्द कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी. आणि खरा दबाव त्यानंतरचा, पुढच्या खरेदीच्या यादीतली दोन नावं मीच खोडली, कोणी सांगितलं नव्हतं.

काका भित्रे होते असं म्हणायला जीभ रेटत नाही कारण पुण्यात 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत काय झालं ते सगळ्यांच्या डोक्यात असतंच. जेम्स लेन या अमेरिकन लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून जमाव या संशोधन संस्थेवर चालून गेला. ते पुस्तक संस्थेने लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, लेखकाने फक्त आभारात संस्थेचं नाव घेतलं होतं, आणि फोडतोड झाली ती तिथल्या कपाटांची, पोथ्यांची.

आमच्या गावाला हे नवीन नाही म्हणा. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, आणि साधारण त्याच काळात क्रांतिकारक नरसिंहभाई पटेलांनी बॉम्बच्या कृती 'वनस्पतीनी दवाओ' अशा निरुपद्रवी नावाखाली गुजरातीत छापल्या, तेव्हा इंग्रजांच्या दबावापुढे संस्थानाने त्यांना हद्दपारच केलं. म्हणजे एवढा पुस्तकवेडा राजा, त्यालाही वाकावं लागलं, आमचे काका तर पेन्शनर.

तुम्ही कुठल्या लायब्ररीत असाल तर एक करा, तक्रार लेखी घ्या. मेंबर नंबर, पान नंबर, कुठलं वाक्य खटकलं, आणि सही. आम्ही नंतर तसा फॉर्म काढला, तो हातात दिला की निम्मे लोक 'बघतो' म्हणून जातात. उरलेल्यांसाठी फॉर्म काही कामाचा नाही, तिथे पोलिसांना आधीच कळवून ठेवलेलं बरं.

ते पुस्तक कमिटी सोडायच्या आठवड्यात मीच शेल्फवर परत ठेवलं, कोणाला न विचारता. मागच्या महिन्यात बघून आलो, जागेवर आहे, शिक्के अजून तीनच.