स्वस्त पिकअप घ्यावी का?

प्रश्न : आठ वर्षांहून जुनी डिझेल पिकअप निम्म्या भावात मिळत आहे; मात्र ती सकाळी उशिरा सुरू होते, निळसर धूर सोडते आणि ऑइलही खाते. भाजीपाला लातूरच्या बाजारात नेण्यासाठी ती घ्यावी का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत असल्यास रिंगा व लायनर (पिस्टनभोवतीची कडी व सिलिंडरचे आतले अस्तर) झिजल्याची शक्यता अधिक आहे, मात्र टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचे) सील गळत असले तरी असाच धूर येतो, म्हणून आधी टर्बो तपासून घ्यावा. मालकाने अगोदरच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नये (विकणारे हे हमखास करतात). इंजिन थंड असल्याची हाताने खात्री करून मगच ते सुरू करायला सांगावे आणि ऑइल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. तिथून धूर जोराने फसफसत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) पिस्टनच्या बाजूने खाली गळत आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करून इंजिनकामाचा, डिझेल फवारणारे इंजेक्टर व डिझेल पंप धरून, लेखी अंदाज घ्यावा. तो खर्च मिळवून किंमत चांगल्या गाडीच्या जवळ जात असेल, तर व्यवहार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा नोंदलेला नाही, हेही पाहावे. शिवाय एवढ्या जुन्या मालवाहू वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि असा धूर तिथेही आड येतो.