एकवाक्यतेतले ‘वाक्य’ कोणते?

‘एकमत’ आणि ‘एकवाक्यता’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, आणि मतांविषयी बोलताना मध्येच ‘वाक्य’ कुठून आले, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असणे म्हणजे एकवाक्यता, असा त्यांचा स्वतःचा तर्क आहे. तो निराधार नाही, पण शब्दाचा मुख्य इतिहास वेगळ्या वाटेने गेला आहे.

ती वाट मीमांसाशास्त्रातली, म्हणजे वेदवचनांचा अर्थ कसा लावावा हे ठरवणाऱ्या शास्त्रातली आहे. एक वाक्य कशाला म्हणावे, याची व्याख्या या शास्त्राचा सूत्रकार जैमिनी याने ‘अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्’ या सूत्रात केली आहे. सगळ्या पदांचे प्रयोजन एक असेल आणि ती सुटी केली असता अपुरी वाटून एकमेकांची अपेक्षा ठेवत असतील, तर त्यांचे मिळून एक वाक्य होते, असे त्याचे तात्पर्य सांगता येईल. हीच कसोटी पुढे दोन स्वतंत्र वचनांनाही लावण्यात आली. ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने वायुदेवतेला उद्देशून अमुक याग करावा, असे एक वेदवचन आहे, आणि वायू ही अत्यंत वेगवान देवता आहे, असे त्याला लागून दुसरे. व्याकरणाच्या दृष्टीने दुसरे वचन स्वतःपुरते पूर्ण आहे, परंतु ते काही करायला सांगत नाही, त्यामुळे ज्या वेदाचे प्रयोजनच मुळी कर्माचा उपदेश करणे हे मानले, त्यात ते निरर्थक ठरण्याची आपत्ती येते. मीमांसकांनी यातून असा मार्ग काढला की, दुसरे वचन पहिल्यातील विधीची, म्हणजे कर्म करण्याच्या आज्ञेची, स्तुती करते, म्हणून दोन्ही मिळून एकच वाक्य मानावे. हीच त्यांची एकवाक्यता. एका वाक्यातून दोन भिन्न विधाने निघू लागली तर त्याला ते ‘वाक्यभेद’ म्हणत आणि तो दोष समजत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या अर्थाने एकवाक्यता ही वचनांची असते, माणसांची नव्हे. आणि पुष्कळदा ती आपोआप आढळत नाही, अर्थ लावणाऱ्याला ती करावी लागते. निरनिराळ्या स्मृतींतील परस्परविरोधी वचनांची एकवाक्यता करणे हा धर्मशास्त्रावरील निबंधकारांचा, म्हणजे स्मृतिवचने संकलित करून त्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांचा, नित्याचा उद्योग होता. ‘वचनांचा मेळ घालणे’ हे त्याचे सोपे मराठी म्हणता येईल.

आता वाचकांच्या तर्काकडे येतो. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गाच्या अखेरीस इंदुमती अजाला वरते, तेव्हा नगरजन त्या अनुरूप जोडीची जी प्रशंसा करतात, तिला कालिदासाने ‘श्रवणकटु नृपाणामेकवाक्यम्’ म्हटले आहे. नाकारल्या गेलेल्या राजांच्या कानांना कडू लागलेले हे ‘एकवाक्य’ म्हणजे लोकांनी एकमुखाने काढलेले उद्गार होत. तेव्हा एका मुखाने बोलणे हा अर्थही जुनाच आहे, आणि आजच्या मराठी शब्दात हे दोन्ही प्रवाह मिसळले आहेत. तरीही मला शास्त्रीय प्रवाह अधिक प्रबळ वाटतो, कारण प्रत्यक्ष वापर तसे सांगतो.

साक्षीदारांच्या जबान्यांत एकवाक्यता नाही, असे आपण सहज म्हणतो; ‘जबान्यांत एकमत नाही’ हे मात्र कानाला खटकते. जबान्यांना मत नसते, त्यांत विधाने असतात. एकाच माणसाच्या कालच्या आणि आजच्या बोलण्यात एकवाक्यता नसू शकते, पण त्याचे स्वतःशी एकमत नाही, असे विनोदानेच म्हणावे लागेल. उलट सहलीला कुठे जायचे यावर चार मित्रांचे एकमत होते. तेथे एकवाक्यता आणली तर बोलणे उगाच जड होते. ‘या शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही’ ही सीमेवरची जागा आहे: माणसे आहेत, पण आपल्यासमोर असतात ती त्यांची लिखित विधाने, म्हणून दोन्ही शब्द चालतात. एकवाक्यता हा शब्द बहुधा ती नाही हे सांगण्यासाठीच वापरला जातो, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.

निर्णयाच्या भाषेत मात्र ‘एकमत’च हवे. ठराव एकमताने मंजूर होतो, एकवाक्यतेने होत नाही. आणि तेथेही लिहिताना सावध राहावे, कारण ‘एकमताने’ मंजूर झालेल्या ठरावाला कोणाचाच विरोध नसतो, तर ‘एका मताने’ मंजूर झालेला ठराव जेमतेम तरलेला असतो.