शाळेशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुलांसाठी आणि आसपासच्या लोकांसाठी फळबाग करायचीय, 100 झाडं लावावीत का?

100 नको हो, 20 लावा. आम्ही पहिल्याच वर्षी 60 लावली, फोटोबिटो झाले, आणि उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली तसं पाणी घालायला कुणी फिरकलंच नाही, पाऊस येईपर्यंत 11 जगली. म्हणून खड्डे खणायच्या आधी एवढंच ठरवा की पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, आणि तो माणूस शाळेतला नको, शेजारपाजारचा हवा. शिवाय पेरूला दोन झाडांत 6 मीटर तरी सोडावे लागतात, म्हणजे 20 झाडांनाच 700 चौरस मीटरच्या वर जागा जाते, हे आधी टेप घेऊन मोजा.

झाडं निवडताना सगळे चवीचं बघतात, मी म्हणतो कॅलेंडर बघा. आंबा सगळ्यांनाच हवा असतो पण तो पिकतो ऐन सुट्टीत, ज्यांच्यासाठी लावला ती पोरंच नसतात. एखाददोन असू द्या सावलीला. पेरू, सीताफळ, बोर, आवळा हे शाळा चालू असताना येतात. तुती तर लावाच, नुसती फांदी खोचली तरी रुजते आणि वर्ष-दोन वर्षांत फळ, पोरांना कुठला एवढा धीर! पपईही लवकर येते, पण बियांपासून केलेली रोपं असतील तर एका खड्ड्यात दोन-तीन लावा, कारण नर कुठलं मादी कुठलं ते फूल आल्याशिवाय कळत नाही, मग जास्तीचे नर काढून टाकायचे. नर फुलांचे लांब लोंबते घोस आणि मादीचं खोडाशी चिकटलेलं जाड फूल मुलांनी एकदा हातात घेऊन बघितलं की पुस्तकातली आकृती लागत नाही.

कलमं आणलीत तर सांधा, म्हणजे हव्या त्या जातीची काडी खालच्या रोपाला (खुंटाला) जोडलेली जागा, मातीच्या वर राहू द्या आणि त्याच्या खालून फुटलेलं सगळं खुडत जा. आमच्याकडे एका वर्गाने जीव लावून एक आंबा वाढवला, काय हिरवागार झाला होता, जवळ जाऊन बघतो तर वरची कलमकाडी कधीच वाळलेली आणि वाढतोय तो खालचा खुंट. मी काढायला निघालो तर पोरं झाडाला मिठी मारून उभी. राहिला मग तसाच, 7 वर्षांनी धरला, रेषाळ आणि आंबटढाण.

आणि हो, कच्चे पेरू तोडले जाणारच, बोर्ड लावून काही होत नाही, आम्हीही लावला होता. आता शुक्रवारचा शेवटचा तास तोडणीचा ठेवलाय, मुलं तोडतात, अर्धं शाळेत वाटतात आणि अर्धं टोपलीत भरून गेटबाहेर ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. तेव्हापासून कच्चे तोडणं बरंच कमी झालंय, दगड मारणं मात्र चालूच आहे.