सँटोरिनीच्या कड्यावरील आलिशान हॉटेलात चार रात्री राहणे योग्य ठरेल का?

आपण विचारले आहे की, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर कड्यावरील हॉटेलात चार रात्री राहावे का, सोबत येणाऱ्या आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या सासूबाईंना ते झेपेल का, आणि एवढा खर्च वसूल होईल का. माझे मत असे की, राहावे, पण चार नव्हे तर दोनच रात्री. आणि हॉटेल निवडताना छायाचित्रे नंतर पाहावीत, पायऱ्यांचा आकडा आधी विचारावा.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझे पती इमेरोविग्ली या गावी अशाच एका हॉटेलात तीन रात्री राहिलो होतो. तिथे आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात या बेटाचा मधला भाग समुद्रात खचला, आणि उरलेल्या चंद्रकोरीच्या आतल्या बाजूला काही ठिकाणी सुमारे ३०० मीटर उंचीचा उभा कडा तयार झाला. फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि उत्तर टोकाचे इया ही गावे या कड्याच्या माथ्यावर आहेत. कड्याच्या वरच्या भागात राखेचे आणि प्युमिस दगडाचे भुसभुशीत थर असून बेटावर तुळयांसाठी लाकूड जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे गरीब खलाशांनी कडा पोखरून त्यातच घरे केली, तर जहाजांचे मालक असलेले कप्तान वरच्या सपाटीवर दुमजली वाडे बांधून राहिले. (आपल्याकडची लेणी कठीण बसाल्टात छिन्नीने कोरावी लागली, इथे कुदळीने काम भागले.) ९ जुलै १९५६ रोजीच्या मोठ्या भूकंपात पन्नासहून अधिक माणसे दगावली, पुष्कळ कुटुंबे बेट सोडून गेली आणि ही गुहाघरे ओस पडली. १९७०च्या दशकात ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने इयामधील काही पडीक घरे दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुली केली, आणि आज कप्तानाच्या वाड्यापेक्षा खलाशाच्या गुहेचे भाडे अधिक आहे.

या इतिहासाचा खोलीशी थेट संबंध आहे. गुहाघराला उजेड फक्त पुढच्या अरुंद दर्शनी भिंतीतून मिळतो, त्यामुळे बैठकीची जागा लख्ख असते, पलंगापाशी संधिप्रकाश असतो आणि न्हाणीघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. कमानीसारखे पांढरे छत आणि दुपारच्या उन्हातही टिकणारा गारवा मला फार आवडला. मात्र तिसऱ्या दिवशी बॅगेतील कपड्यांना ओलसर वास येऊ लागला होता. ज्यांना दम्याचा किंवा बंद जागेचा त्रास आहे, त्यांनी वरच्या बाजूची, बांधकाम केलेली खोली मागावी.

दुसरी गोष्ट एकांताची. ही घरे उतरंडीसारखी रचलेली असल्यामुळे एकाचे छप्पर हे दुसऱ्याचे अंगण असते. जाहिरातीत ‘खाजगी पूल’ असे लिहिलेले असते, आणि तो खाजगी असतो तो एवढ्याच अर्थाने की त्यात दुसरे कोणी उतरत नाही. मी आमच्या पूलमध्ये उतरले तेव्हा वरच्या पायवाटेवर पाच-सहा जण फोन उंचावून उभे होते. ते माझे नव्हे, कड्याचे छायाचित्र घेत होते हे मान्य, परंतु त्या छायाचित्रात मी होतेच. शिवाय पाणी इतके गार होते की मी दहा मिनिटांत बाहेर आले. पूल तापवलेला असतो का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

आता सूर्यास्त. इयाचा सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे, परंतु इयामधील कड्याकडे तोंड असलेली बहुतेक हॉटेले दक्षिणेकडे पाहतात. जून-जुलैत सूर्य वायव्येला मावळतो, म्हणजे त्यांच्या पाठीमागे. तो पाहण्यासाठी महागडी खोली सोडून गावाच्या पश्चिम टोकाच्या जुन्या किल्ल्यापाशी गर्दीत उभे राहावे लागते. इमेरोविग्ली आणि फिरोस्तेफानी पश्चिमेकडे पाहतात. आमच्या अंगणातून समोरच्या थिरासिया बेटाच्या बाजूला उतरणारा सूर्य आम्ही खुर्चीत बसून पाहिला, आणि खरे सांगायचे तर तीन दिवसांच्या खर्चापैकी मोठा वाटा त्या तीन संध्याकाळींनीच फेडला. सूर्यास्तापेक्षाही पहाटेची वेळ मला अधिक भावली. तेव्हा खालच्या पाण्यात एकही जहाज नसते, मधले काळे नेआ कामेनी बेट, जिथे शेवटचा उद्रेक १९५० साली झाला, सावलीत असते आणि कड्याचे तांबडे, करडे, पांढरे पट्टे हळूहळू वेगवेगळे दिसू लागतात. हे दृश्य दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकाला मिळत नाही. कड्यावर राहण्याचा माझ्या दृष्टीने खरा लाभ तोच.

सासूबाईंविषयी स्पष्ट लिहिते. गाडी कड्यापर्यंत येतच नाही. रस्त्यावर उतरल्यानंतर सामान हॉटेलची मुले खांद्यावरून नेतात, पण माणसांना स्वतःच उतरावे लागते. आमच्या खोलीपर्यंत मी मोजलेल्या पायऱ्या ११२ होत्या. त्या असमान उंचीच्या, वळणाच्या आणि बहुतेक ठिकाणी कठड्याविना होत्या. सकाळचा नाश्ता खोलीत आणून देतात, परंतु रात्रीच्या जेवणासाठी वर यावेच लागते आणि अंधारात परत उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते, हे आपण जाणताच. म्हणून हॉटेलला ईमेल करून ‘रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत किती पायऱ्या, आणि तिथून याच खोलीपर्यंत किती’ असे दोन आकडे लेखी मागवावेत. ‘थोड्याशा पायऱ्या आहेत’ असे उत्तर आले, तर ते हॉटेल सोडून द्यावे.

माझी सूचना अशी की, चारपैकी पहिल्या दोन रात्री आपण तिघांनी पूर्व किनाऱ्यावरील कामारी येथे काढाव्यात. तिथे काळ्या वाळूचा किनारा आणि त्याला लागून सपाट, दुकाने-उपाहारगृहांनी भरलेला पादचारी रस्ता आहे. सासूबाई तिथे स्वतःहून एकट्या फिरू शकतील, आणि भाडेही पुष्कळ कमी आहे. तेथून अक्रोतिरीचे उत्खनन पाहावे, कारण राखेखाली गाडले गेलेले ते कांस्ययुगीन नगर आता छताखाली आहे आणि त्यातून चालण्यासाठी मार्गिका केलेल्या आहेत. उरलेल्या दोन रात्रींसाठी फिरोस्तेफानी येथे, रस्त्याच्या पातळीजवळची खोली मिळत असेल तरच, कड्यावर जावे.

खर्चाचे गणित थोडक्यात असे आहे. हंगामात कड्यावरील चांगल्या सुइटचे भाडे एका रात्रीला ५०० युरोंच्या पुढे सहज जाते, आणि २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पंचतारांकित हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री १५ युरो सरकारी आकार पडतो, जो बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दर सर्वांत चढे असतात, शिवाय मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो, ज्यात अंगणातील जेवणाचा बेत अनेकदा मोडतो. मे महिना किंवा सप्टेंबरची अखेर मला योग्य वाटते. २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपांच्या मालिकेमुळे हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले होते. घाबरण्याचे कारण नाही, मात्र रद्द करता येणारे आरक्षण आणि प्रवासविमा घ्यावा.

जेवणाची चिंता करू नये. तिथला ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ विदर्भातील लाखोळीची चुलतबहीण आहे. टोमॅटोची भजी मिळतात, पांढरी वांगी मिळतात. हॉटेलच्या उपाहारगृहात हेच पदार्थ पिर्गोस गावातील साध्या खानावळीपेक्षा कितीतरी महाग पडतात आणि चवीने उणे असतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून वाढदिवसाचे एक जेवण तेवढे कड्यावर करावे, टेबल सूर्यास्ताच्या तासभर आधीचे घ्यावे, आणि आरक्षण करताना सासूबाईंसाठी पायऱ्यांविना पोहोचता येईल असे टेबल मागावे.