अजून वीस कविता, दिवाळीच्या आत

(उदगीरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला दहावीला 91 टक्के. तिने कला शाखा मागितली, यांनी ‘मग लेखिका होऊन दाखव’ या अटीवर दिली. आता तिच्या 34 कवितांचं पुस्तक एका कंपनीकडून छापून घ्यायचं आहे. पॅकेज 85,000 रुपयांचं: 300 प्रती, आयएसबीएन, कॉपीराइट, ‘आंतरराष्ट्रीय वितरण’ आणि ‘100 टक्के रॉयल्टी’. पुस्तक किमान 96 पानांचं हवं, म्हणून दिवाळीपर्यंत आणखी 20 कविता लागतील. ‘पण हल्ली ती लिहायला कंटाळा करते, काय करावं?’ असा प्रश्न आहे.)

नमस्कार,

पत्रासोबत कवितांच्या झेरॉक्स पाठवल्यात ते बरं झालं. अकराव्या कवितेच्या समासात वेगळ्या अक्षरात लिहिलंय, ‘अजून 8 ओळी, पान भरत नाही’. ते अक्षर आणि तुमच्या पत्रातलं अक्षर एकच आहे. तिला कंटाळा का आला, हे मला त्या ओळीतच कळलं. ती कविता विहिरीवरच्या बंद पडलेल्या मोटरवर आहे, सहा ओळींची आणि पूर्ण. सतरा वर्षांच्या मुलीला कुठे थांबायचं ते कळतंय आणि आपण तिला पानं भरायला सांगतोय!

तुमचा हेतू वाईट नाही, हे मला दिसतं. भोवतालचे सगळे मुलांना ‘नीट’च्या क्लासला पिटाळत असताना तुम्ही कला शाखा घेऊ दिलीत, याला धाडस लागतं. पण अट घालून दिलेली मोकळीक उधारीसारखी असते. मुलगी आता हप्ते फेडतेय, वीस कवितांचे. तुम्ही लिहिता की 2022 च्या उदगीरच्या साहित्य संमेलनात ग्रंथप्रदर्शनातली गर्दी पाहून तुम्हाला हे सुचलं. त्या गर्दीतला कवितासंग्रहांचा गाळा आठवून पाहा. तिथे पुस्तक चाळणारे किती होते आणि पाकिटात हात घालणारे किती?

आता हिशेब. 85,000 भागिले 300, म्हणजे एक प्रत तुम्हाला 283 रुपयांना पडते. छापील किंमत ठेवणार 200. विक्रेता-वितरक मिळून चाळीस ते पन्नास टक्के घेतात. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात येणार तीस-पस्तीस हजार. ‘100 टक्के रॉयल्टी’ म्हणजे छपाई आणि विक्रेत्याचं कमिशन वजा जाऊन जे उरेल त्याचे शंभर टक्के. काही उरतं का, ते आत्ताच पाहिलं.

माझ्या एका पुस्तकाच्या 500 प्रती मी स्वखर्चाने छापल्या होत्या. वितरकाने शंभर नेल्या, ‘विकल्या तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर. चौदा महिन्यांनी 63 परत आल्या, मुखपृष्ठाचे कोपरे दुमडलेल्या. बाकीच्या प्रती अजून दिवाणाखाली आहेत आणि पाहुणे आले की बायको एकेक काढून देते.

तुमचा एक गैरसमज मात्र नीट काढायला हवा. तुम्ही लिहिता, ‘आयएसबीएन मिळाला की पुस्तकाला सरकारी मान्यता मिळते, पुढे प्रवेशाला उपयोग होतो.’ आयएसबीएन हा तेरा आकडी ओळखक्रमांक आहे, दुकानात आणि ग्रंथालयात एक पुस्तक दुसऱ्यापासून वेगळं ओळखता यावं म्हणून. आरटीओने गाडीला नंबर दिला म्हणजे चालवणाऱ्याचं कौतुक केलं असं होत नाही, तसंच हे. भारतात हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो आणि शुल्क शून्य. पॅकेजच्या तक्त्यात याच कामाचे 6,000 लावलेत. कॉपीराइटचंही तसंच. 1957 च्या कायद्यानुसार कविता लिहिली त्याच क्षणी तो हक्क तिचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, तिचं सरकारी शुल्क 500 रुपये.

‘आंतरराष्ट्रीय वितरण’ म्हणजे बहुधा संकेतस्थळावरचं एक पान. तेवढंच हवं असेल तर मराठी ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर तुम्हाला बिनखर्चाने चढवता येतं. तिथे 35 किंवा 70 टक्के रॉयल्टीचा पर्याय असतो. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक 90 दिवस दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, अशी अट आहे. छापील प्रतीच हव्यात, तर लातूरच्या दोन-तीन छापखान्यांकडून फर्म्याचा (एका कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांचा) दर, कागद आणि बाइंडिंग वेगवेगळं लिहून कोटेशन मागवा. आणि स्वतः प्रकाशक झालात की 1954 च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. हे पॅकेजवाले सहसा सांगत नाहीत.

पण माझं स्पष्ट मत, आत्ता काहीच छापू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी. आज हौसेने पुस्तक काढलंत तर ते दार तुम्हीच लावून घ्याल. त्याआधी तिच्या चार कविता नियतकालिकांना, दिवाळी अंकांना जाऊ द्या. साभार परत येतील, त्यातूनही ती शिकेल. बारावीनंतर बीए मराठी, पत्रकारिता, भाषांतर हे रस्ते आहेतच, त्यावर पुढच्या वर्षी बोलू. सध्या युनिकोडमध्ये टंकलेखन आणि मुद्रितशोधनाच्या खुणा शिकली तर सुट्टीत चार पैसे मिळवील.

आगाऊ रक्कम भरली की नाही, ते पत्रात नाही. भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर करारातलं परताव्याचं कलम वाचून आजच कंपनीला ईमेल करा. मुलीला एवढंच सांगा की चौतीस पुरेत. आणि समासातली ती ओळ खोडरबरने जात असेल तर पुसून टाका. शाईची असेल, तर ती कविता तिला कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवू द्या.