किती रुपये होते?

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा रात्री आलेला तुझा मेसेज सकाळी पुन्हा नीट वाचला. 'आत खोलवर जखम आहे', 'मी तुटलेला आहे', 'प्रभू माझ्यावर काम करतोय', 'पुरुष म्हणून मी अजून उभाच राहिलेलो नाही'. एवढा लांब मेसेज, पण तुझ्या वडिलांनी काय केलं, कधी केलं, यातलं एक अक्षर त्यात नाही. ही वाक्यं तुझी नाहीत रे, शिबिरातल्या माइकवरची आहेत. ऐरोलीतल्या दुसऱ्या कुठल्या पोराने हाच मेसेज पाठवला असता तर मला फरक कळला नसता.

फोनवर तू 'हो काका, हो काका' करून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलोय. विश्वास ठेव, प्रार्थना कर, वचन वाच, हे सांगणार नाही. ते तू माझ्यापेक्षा जास्त करतोस, उपास तर कितीतरी जास्त. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे. मोघम बोलू नकोस. देवाशी नको, माणसांशी नको, स्वतःशी तर मुळीच नको.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीला टाळं लागलं, देणी अडकली. वडील आधी गप्प झाले, मग प्यायला लागले. यात विशेष काही नाही, तेव्हा त्या भागातल्या चाळींत घरोघरी हेच चाललं होतं. १९९० साली माझा पॉलिटेक्निकला नंबर लागला. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. तिने फीचे पैसे रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले होते. फी भरायच्या दिवशी सकाळी मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना थेट पत्रा लागला. हात बाहेर काढला तर त्यावर नुसती तांदळाची पांढरी पूड. आई स्टोव्हकडे तोंड करून उभी होती, वळली नाही. तिला आधीच कळलं होतं.

पुढे कित्येक वर्षं मी तुझ्यासारखीच प्रार्थना करत होतो. 'प्रभू, माझे आणि वडिलांचे संबंध बरे कर. माझ्या मनातली कटुता काढ.' तरुण संघात साक्षसुद्धा दिली, लोकांनी 'हालेलुया' म्हटलं. आणि घरी वडील शेजारी जेवायला बसले की माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

आमच्या मंडळीत एक म्हातारे गृहस्थ होते, उभं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवलेले. एका रविवारी उपासनेनंतर त्यांच्यापाशी मी हेच रडगाणं सुरू केलं. त्यांनी मध्येच विचारलं, "किती रुपये होते?"

मी म्हटलं, "प्रश्न पैशांचा नाही, दादा."

"ते कळतंय मला. किती होते?"

"अठराशे."

"कुणी साठवले?"

"आईने."

"मग ते तिचे. त्यांची माफी तू कोण देणार? तुझं काय गेलं ते सांग."

माझं काय गेलं, हे तोवर मी कधी मोजलंच नव्हतं. मोजायला लागलो आणि त्या बाकावर ओक्साबोक्शी रडलो. एक वर्ष गेलं होतं, ते पुढे भरून निघालं. आईने नंबर लागल्याचे पेढे चाळीत आधीच वाटले होते, तिची शोभा झाली होती. आणि वडील कधीतरी 'चुकलं माझं' म्हणतील, या आशेवर मी इतकी वर्षं बसून होतो. हे शेवटचं सगळ्यात जड निघालं. रोज रात्री गुडघ्यावर येणारा मी, पण यातल्या एकाचंही नाव देवापुढे कधी घेतलं नव्हतं.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निष्ठुर चाकर तुला पाठ आहे. धन्याने त्याचं दहा हजार तालांतांचं अफाट कर्ज सोडलं आणि त्याने शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरला. आपले प्रवचनकार दहा हजार तालांतांवर तासभर बोलतात आणि शंभर दीनारांपाशी आले की 'ही तर क्षुल्लक रक्कम' म्हणून पुढे सरकतात. क्षुल्लक कशी? दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला विचार, शंभर दिवसांचा रोज बुडाला तर घरात काय होतं ते. प्रभूने त्या येणे रकमेला शून्य म्हटलं नाही, आकडा सांगितला. तुझ्या वडिलांकडून तुझं जे येणं आहे तेही खरं येणं आहे. ते मांड. किती आणि कशाचं हेच ठाऊक नसेल तर सोडणार काय? जक्कयने तरी मोघम पश्चात्ताप केला का? अर्धं गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. जकातदार तो, हिशेबाने बोलला.

आणि याकोब. आंधळ्या बापाने विचारलं, तू कोण? पोरगा म्हणाला, मी तुमचा ज्येष्ठ पुत्र एसाव. आशीर्वाद मिळाला, पण थोरल्या भावाच्या नावावर. मग वीस वर्षं मामाच्या, लाबानाच्या घरी राबला, बायका, पोरं, कळप, सगळं झालं. यब्बोक नदीच्या काठी देवाशी रात्रभर झोंबी झाली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला, तुझं नाव काय? या खेपेला तो 'याकोब' म्हणाला. त्यानंतर आशीर्वाद मिळाला आणि सकाळी तो लंगडत भावासमोर गेला. लंगडणं गेलं असं कुठे लिहिलेलं नाही. तू मात्र लंगडणं थांबेपर्यंत एसावाला भेटणार नाही म्हणून बसलायस.

तू पाठवतोस त्या रील्स मी बघतो. सिंह, तलवार, ढोल आणि खाली 'मर्दासारखे वागा, खंबीर व्हा'. पहिले करिंथकरांस, सोळावा अध्याय, तेरावं वचन. चौदावं कुणी टाकत नाही. जे काही करता ते सर्व प्रीतीने करा, असं आहे ते. त्यावर ढोल वाजवता येत नसेल.

मर्द बघायचे तर आपल्या ठाण्यातले बघ. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते अडकले कसे ठाऊक आहे? ज्या ख्रिस्ती कुटुंबात ते उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारलं. ती काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने घरातल्या या पाहुण्यांचं नाव सांगितलं. पुढे गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि त्यांचा जीव गेला. थोड्याच वर्षांनी ओदोरिक नावाचा साधू ठाण्याला येऊन त्यांच्या अस्थी घेऊन गेला, त्याने हे लिहून ठेवलंय. तरुण संघात हे सांगितलं की पोरं शिरच्छेदाचं विचारतात. मला मात्र त्या बाईचं राहून राहून वाटतं. तिला मार बसला होता आणि कुणाचं नाव घ्यावं हे तिला माहीत होतं. बोलावल्यावर काय झालं ते सांगायला जाणं, पुरुषपण मला तिथे दिसतं. सिंहाचं मला काही कळत नाही.

आता त्या मुलीचं. वाशीला नाइट ड्युटी करून ती सकाळची गाडी पकडून तुला भेटायला येते, आणि तू तिला सांगतोस, 'मी अजून बरा झालेलो नाही, मला वेळ दे.' हे ऐकलं तेव्हा माझा पारा चढला होता. किती वेळ? कशातून बरा व्हायचंय? बेथेस्दाच्या तळ्याकाठी तो माणूस अडतीस वर्षं दुखणाईत होता. बरं व्हायचंय का, एवढंच प्रभूने विचारलं, तर याने तळ्यात कोण सोडत नाही आणि आपल्या आधी कोण उतरतं ते ऐकवलं. प्रभूने त्यावर वाद घातला नाही. ऊठ, बाज उचल, चालू लाग.

मी अंदाज करतो. तुझ्या वडिलांनी आईवर हात उचललेला तू पाहिला आहेस, आणि तुला स्वतःच्या हातांची भीती वाटते. असं असेल तर तिला हेच वाक्य सांग, याच शब्दांत, जखमेबिखमेची भाषा न वापरता. नर्स आहे ती, याहून वाईट ऐकलं असेल तिने. अंदाज चुकला असेल तर 'काका, चुकलात' म्हण, पण मग खरं काय ते बोल.

शिबिरांना माझा विरोध आहे असं तू पाळकसाहेबांना म्हणालास, कळलं मला. विरोध नाही. डोळे मिटून लहानपणात जा, त्या खोलीत प्रभू उभा आहे असं पाहा, याने कुणाला उभारी मिळत असेल तर देवाची स्तुती असो. पण तू दर खेपेला हलका होऊन येतोस आणि आठ दिवसांत पुन्हा वडिलांवर खेकसतोस. वरच्या मजल्याची गळती न शोधता दर दिवाळीला भिंत रंगवावी तसं चाललंय तुझं. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) पाचव्या अध्यायात लिहिलंय, तुम्ही निरोगी व्हावे म्हणून एकमेकांजवळ पापं कबूल करा. एकमेकांजवळ. तिथे स्टेज नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तर नाहीच. समोर एक माणूस, जो उलटून विचारू शकतो, किती रुपये होते?

तू विचारशील, काका, तुम्ही वडिलांना क्षमा केलीत ना, मग त्यांना गावी का धाडलंत? मंडळीतल्या कुणीतरी तुझ्या कानावर घातलंच असेल. ऐक. आई गेल्यावर ते माझ्याकडे कळव्याला राहायला आले. एक खोली नि स्वयंपाकघर, दोन लहान पोरी. जेवण, औषध, कपडे, सगळं दिलं. रोख पैसा हातात दिला नाही आणि कपाटाची किल्ली दिली नाही. ते चिडले आणि नगरकडे चुलत्यांकडे निघून गेले. मी धाडलं नाही. क्षमा म्हणजे किल्ली नव्हे, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना पाहताक्षणी गळ्याशी धरलं का? गोण्यांत पैसे ठेवले, चांदीचा प्याला ठेवला, धाकट्या बन्यामीनासाठी हे उभे राहतात का ते पाहिलं, मग त्यांच्यासमोर रडला. मला तेवढा अवधी मिळाला नाही. निरोप आला तेव्हा मी कंपनीत होतो. गावी पोहोचेपर्यंत पेटीला खिळे ठोकले होते. उघडा, असं म्हणता आलं असतं मला. म्हटलं नाही. त्यांचा चेहरा कसा होता ते मी नंतर चुलत्यांनाही विचारलं नाही.

मंडळीतल्या ज्यांनी मला 'दगड' म्हटलं त्यांच्या घरात तांदळाचा डबा रिकामा झाला नव्हता. असो. तुझ्या पत्रात माझंच पुराण सुरू झालं.

एक व्यवहाराचं. झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर मला नंतर सांग, आधी डॉक्टर गाठ. १४४१६ वर सरकारची टेलिमानस सेवा चोवीस तास असते. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद ऐकत आपण मोठे झालो, १९०१ पासून मेंटल हॉस्पिटल आपल्या गावात आहे म्हणून. त्या विनोदापायी कितीतरी विश्वासणारी माणसं डॉक्टरकडे गेली नाहीत, प्रार्थनेनेच होईल म्हणत बसली. लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय' म्हणतो. लाजायचं कारण नाही.

येत्या शनिवारी ये. येताना कागदावर लिहून आण. वडिलांनी काय केलं, तू तेव्हा केवढा होतास, कोण कोण पाहत होतं. त्यातलं आईचं काय, बहिणीचं काय आणि तुझं काय, ते वेगळं काढ. त्याखाली, वडिलांनी कधी काही चांगलं केलं असेल तर तेही लिही, तारीख आठवत असेल तर तारखेसकट. माझ्या यादीत एक सायकल होती. 'जखम' हा शब्द कागदावर दिसला तर मी परत लिहायला लावीन.

चारनंतर ये, दुपारी मी झोपतो. ऐरोलीहून गाडीने ठाण्याला उतरलास की पश्चिमेला ये आणि रिक्षा मीटरने कर, ते तोंडाला येईल ते सांगतात. काकूने तुला जेवूनच जायचं म्हणून सांगितलंय.

तुझा,
काका